तिहाई चुकते तेव्हा: नाच शिकणाऱ्या मुलांवरच्या कादंबरीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळच्या नागपूरच्या आणि आता नोकरीसाठी पुण्यात असलेल्या एका लेखिकेला नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी कुमार कादंबरी लिहायची आहे. नागपूरच्या धरमपेठेतला कथकचा क्लास, चार मुलं, अकरा वर्षांची नायिका. वाचताना मुलं खळखळून हसली पाहिजेत आणि कुठेतरी गळाही दाटून आला पाहिजे, असं त्यांना वाटतं. आराखड्यात छडी घेतलेल्या कडक गुरू आहेत, एक श्रीमंत, घमेंडी मुलगी आहे आणि शेवटी राज्यस्तरीय स्पर्धेचा करंडक आहे. त्यांचं विचारणं असं: हसू आणि जिव्हाळा एकत्र कसे आणायचे, नाचाचे शब्द किती घ्यायचे, नागपूर पुस्तकात कसं उतरवायचं, आणि नायिकेच्या पायात घुंगरं किती दाखवायची?

मी नागपुरात २७ वर्षं मुलांना कथक शिकवते आहे. तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण आमच्या मुलांवर असं पुस्तक यावं ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा आहे. म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल, पण नीट देते.

सुरुवात तिहाईपासून करू. तुमच्या पुस्तकाची किल्ली मला तिथे दिसते.

तीनताल या तालाच्या मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, १६, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला उघडायचा. पहिली मात्रा ही सम. तबल्याचं आवर्तन, म्हणजे १६ मात्रांची फेरी, फिरून तिथेच येतं आणि नाचणाऱ्यालाही तिथेच पोचायचं असतं. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, असा की तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल, म्हणजे तोंडाने म्हणायचा आणि पायाने वाजवायचा शब्द, नेमका समेवर पडेल. ‘तिगदा दिगदिग थेई’ हा तीन मात्रांचा तुकडा घ्या. तीन त्रिक नऊ. खालीवर, म्हणजे नवव्या मात्रेवर, सुरुवात केली की पहिलं थेई अकराव्या मात्रेवर, दुसरं चौदाव्या मात्रेवर आणि तिसरं थेट समेवर. नऊ वर्षांच्या मुलांनाही हे गणित येतं. बोटांवर मोजतात आणि सुटलं की त्यांचे डोळे चमकतात.

आता हीच तिहाई एखाद्या मुलीने आठव्या मात्रेवर सुरू केली तर? तिचं शेवटचं थेई सोळाव्या मात्रेवर पडतं. हात वर गेलेला, मान वळलेली, चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज, आणि सम अजून आलेलीच नाही. तबल्यावरचा समेचा बोल ‘धा’ एक मात्रा उशिरा पडतो. मधे एक मात्रा रिकामी राहते.

त्या एका मात्रेत प्रेक्षक हसतात. त्याच मात्रेत त्या मुलीच्या पोटात खड्डा पडतो. हसू आणि जिव्हाळा वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून द्यायचे नसतात, ते दोन्ही या एका मात्रेत एकत्र असतात. विनोदाचं एक प्रकरण, मग आजी आजारी पडल्याचं एक प्रकरण, मग पुन्हा विनोदाचं, अशी रचना केलीत तर मुलांना शिवण लगेच दिसेल. मूल नाचाला किती गंभीरपणे घेतं ते तुम्ही दाखवा. ते गांभीर्य इतकं पूर्ण असतं की मोठ्यांना हसू येतं, आणि इतकं खरं असतं की त्या हसण्याची पुढच्याच क्षणी लाज वाटते.

क्लासमधलंच उदाहरण देते. प्रारंभिक परीक्षेची तोंडी सुरू होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची पायरी प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा अशी चढत जाते. प्रारंभिकला बहुतेक आठ-नऊ वर्षांची मुलं असतात. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी एका चिमुरडीला विचारलं, “तीनतालात खाली कुठे असते?” तिने क्षणभर विचार केला, मान वाकवली आणि पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. परीक्षक हसले. ती हसली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “ताई, मी बरोबर सांगितलं तरी ते काऊन हसले?” तिला नवव्या मात्रेचा हात उघडायला उत्तम येत होता, महिनाभर ती तो उघडत होती. प्रश्नातली ‘खाली’ तीच, एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं. या मुलीला मूर्ख दाखवून विनोद करता आला असता, पण मग तिचा ‘काऊन’, आमच्याकडचा ‘का’, पानावर उरला नसता. तुमचं पुस्तक मला त्या ‘काऊन’मधून उभं राहिलेलं हवं आहे.

घुंगरांकडे येते. नवीन मुलांना आम्ही प्रत्येक पायात २५ किंवा ५० घुंगरं देतो. वय आणि पायातली ताकद वाढली की १०० होतात, पुढे १५०. पितळेचं प्रत्येक घुंगरू सुती दोरीत स्वतंत्र गाठीने ओवलेलं असतं. एक निसटलं तरी बाकीची जागेवर राहावीत म्हणून. बांधण्याआधी नमस्कार करायचा, त्यांना पाय लावायचा नाही, त्यांच्यावरून ओलांडून जायचं नाही. आता विचार करा, जी वस्तू पायात बांधायची तिलाच पाय लावायचा नाही! पहिल्या आठवड्यात प्रत्येक मूल मला याबद्दल विचारतं. एकाने तर बांधता बांधता पाय लागला म्हणून प्रत्येक घुंगराला वेगळं ‘सॉरी’ म्हटलं होतं. पन्नास वेळा. बाकी वर्ग थांबला होता आणि मी त्याला थांबवलं नाही.

मुलं घुंगरं मोजतात. आपली मोजतात, शेजारणीची चोरून मोजतात. “तिच्या पायात एक्कावन्न आहेत, माझ्या पायात पन्नास” यावरून माझ्या वर्गात पंधरा दिवस अबोला चालला होता. घामाने पितळेचा हिरवट-काळा डाग घोट्यावर उतरतो आणि शाळेच्या पांढऱ्या मोज्यांना लागतो. मग शाळेत बाई विचारतात, घरी आई विचारते. हा डाग तुमच्या पुस्तकात यायलाच हवा. मोजे ओढून डाग लपवणारं मूल असतं आणि मोजे खाली करून तो मिरवणारं मूलही असतं. या दोघांची गाठ घालून दिलीत तर एक प्रकरण आपोआप होईल.

आता तुमच्या आराखड्यातल्या तीन गोष्टींबद्दल स्पष्ट बोलते.

छडी काढा. कथकच्या वर्गात ताल हाताने धरतात, टाळीने, नाहीतर तबल्यावर. भरतनाट्यमच्या वर्गात लाकडी काठी असते, पण ती समोरच्या लाकडी ठोकळ्यावर आपटून लय देण्यासाठी. तीच काठी वाचकांच्या डोक्यात मारण्याची छडी होऊन बसली आहे. तुमच्या गुरू कडक असू द्या, आम्ही असतोच. पण त्यांचा कडकपणा एकच तुकडा चाळिसाव्यांदा करून घेण्यात दिसू द्या. आणि त्या देवीही नकोत. शिकवणाऱ्या माणसाच्या चुका मुलांच्या मनावर फार खोल उमटतात, आणि त्याबद्दल मुलांच्या पुस्तकांत फार कमी येतं.

माझी चूक सांगते. एक मुलगी बारा वर्षांची झाली आणि वर्षभरात वीतभर उंच झाली. वार्षिक कार्यक्रमात मी तिला मागच्या रांगेत उभं केलं, कारण पुढे उभी राहिली तर मागची लहान मुलं दिसेनात. मला ती इतकी साधी गोष्ट वाटली की मी तिला कारणच सांगितलं नाही. कार्यक्रमानंतर ती येईनाशी झाली. अभ्यास वाढला असेल असं मी समजत राहिले. पुढे खूप दिवसांनी तिच्या आईने भाजी बाजारात सांगितलं, “ताई, तिला वाटलं तिचा नाच बिघडला म्हणून तुम्ही मागे टाकलं.” मी तशीच त्यांच्या घरी गेले आणि तिची माफी मागितली. ती पुन्हा नाचायला आली नाही. रांग बदलताना त्या मुलाला कारण सांगायचं, हे तेव्हापासून मी कधी चुकवलं नाही.

तुमच्या नायिकेचं हेच वय आहे. दहा ते तेरा या वर्षांत शरीर मुलांना फसवतं. नवव्या वर्षी सलग दहा चकरी, म्हणजे गिरक्या, न डगमगता घेणारी मुलगी बाराव्या वर्षी पाचव्या चक्करीलाच कलंडते, कारण पाय लांब झाले, तोल सरकला. मागच्या वर्षीचा अनारकली घोट्यापासून चांगला वर गेलेला असतो. कोणाची पाळी सुरू झालेली असते आणि ती कोपऱ्यात बसून पोट दुखतंय म्हणते, तर बाकीच्यांना ती आळस करतेय असं वाटतं. हे सगळं साध्या शब्दांत लिहा. अकरा वर्षांच्या वाचक मुलीला तिच्या पुस्तकात हे कधी सापडत नाही. आपल्याला जमणारी गोष्ट अचानक जमेनाशी होणं यापेक्षा मोठं दुःख त्या वयात मी पाहिलेलं नाही. त्यासाठी तुम्हाला कोणाला आजारी पाडायची गरज नाही.

आणि याच चकरींमध्ये विनोदही भरलेला आहे. गरगरू नये म्हणून समोरच्या एका बिंदूवर नजर ठेवायची, शरीर फिरलं की मान शेवटी वळवायची आणि झटक्यात पुन्हा त्याच बिंदूवर यायचं. प्रत्येक मूल आपापला बिंदू निवडतं. माझ्या वर्गात बहुतेकांचा बिंदू भिंतीवरचं घड्याळ होतं. एकदा घड्याळ दुरुस्तीला दिलं आणि त्या दिवशी चकरी घेता घेता अख्खा वर्ग सरकत सरकत चपलांच्या रॅकपर्यंत जाऊन पोचला. कोणालाच कळेना असं का झालं. शेवटी सगळ्यात धाकटा म्हणाला, “ताई, आमची भिंत हरवली.”

घमेंडी श्रीमंत मुलगीही काढा. पैशाचा फरक क्लासमध्ये असतो आणि तो दाखवलाच पाहिजे, पण तो असा येत नाही. तो ड्रेसमध्ये येतो. कोणाचा शिवलेला असतो, कोणाचा भाड्याने आणलेला. भाड्याच्या ड्रेसला आधी नाचलेल्या कितीतरी मुलींच्या घामाचा आणि पावडरीचा वास असतो, आणि तो अंगात बसवायला चौदा सेफ्टी पिना लागतात. ज्या मुलीचा शिवलेला आहे तीच पिना लावायला पुढे होते, असंच मी जास्त वेळा पाहिलंय. आणि पिना लावून घेणारी मुलगी तेव्हा छताकडे बघत असते. तिथे थांबा, पुढे काही लिहू नका, वाचक सगळं समजतो.

मुलगा एक तरी ठेवा. तुम्ही चार मुलं म्हणता, त्यात मुलगा आहे की नाही ते लिहिलेलं नाही. माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन मुलगे येतात. त्यांतला एक घुंगरं क्रिकेटच्या बॅगेत, पॅडच्या आत गुंडाळून आणायचा. कॉलनीतून चालताना आवाज होऊ नये म्हणून. तरी व्हायचाच. मग मित्रांना तो सांगायचा, बॅगेत चिल्लर आहे. सहा महिने त्याच्या मित्रांना वाटत होतं की याच्याकडे खूप पैसे आहेत आणि हा कंजूष आहे! अशा मुलाला लखनौ घराण्याचे बिंदादीन महाराज, अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज, बिरजू महाराज सगळे पुरुषच होते हे सांगून फारसा फरक पडत नाही, मी सांगून पाहिलंय. फरक पडतो तो घरातल्या माणसाने. आपल्या विदर्भात खडी गंमत आहे, दंडार आहे, ही आपली लोकनाट्यं. त्यात बायकांच्या भूमिका पुरुष करत आले, लुगडं नेसून, पायात चाळ बांधून नाचत आले. भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यातले एखादे आजोबा, ज्यांनी तरुणपणी हे केलं आणि शहरात मुलाकडे राहायला आल्यावर कधी बोलून दाखवलं नाही, त्यांना तुमच्या गोष्टीत आणा. नातवाच्या बॅगेतल्या ‘चिल्लर’चा आवाज त्यांना पहिल्याच दिवशी ओळखू येईल. ते काही बोलणार नाहीत. फक्त एका संध्याकाळी नातू दोरीची गाठ बांधायला धडपडत असेल आणि आजोबांची बोटं ती गाठ न बघता बांधतील.

करंडकाबद्दल एवढंच की बहुतेक मुलं कधीही करंडक जिंकत नाहीत आणि तरी नाचत राहतात. तुमचे बहुतेक वाचक त्यांतलेच असणार. त्याऐवजी क्लासचा वार्षिक कार्यक्रम घ्या. सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह घ्या. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह हवं असेल तर तेही घेता येईल, पण ते सुमारे २,००० खुर्च्यांचं आहे, छोट्या क्लासच्या कार्यक्रमात तिथल्या रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसतील. अर्थात, मुलांच्या नजरेने त्या रिकाम्या खुर्च्या हाही एक विषय आहे.

ग्रीन रूममध्ये मन लावून थांबा, तिथे सोनं आहे. आलत्याने रंगवलेले हातपाय वाळेपर्यंत हवेत धरून बसलेल्या तीस मुली, नाक खाजवायचं तर शेजारणीला सांगावं लागतं. मुकुट, गजरे, केसात खुपसलेल्या आकड्यांनी दुखणारी डोकी. आणि बाहेर पालकांनी आणलेले तर्री पोहे, म्हणजे वरून झणझणीत लाल रस्सा घातलेले. मेकअप झाल्यावर तर्री खायची नाही हा आमचा कायदा आहे. पण नागपूरच्या पोरांना नुसते कोरडे पोहे देणं हा अन्याय आहे हेही मला मान्य आहे. एका वर्षी पांढऱ्या ड्रेसवर छातीशी तर्रीचा लाल तेलकट डाग पडला, स्टेजवर जायला दहा मिनिटं होती. मुलींनी स्वतःच मार्ग काढला. दुपट्टा वेगळ्या पद्धतीने खोचला, आणि एकीचा वेगळा दिसायला नको म्हणून बाराही जणींनी तसाच खोचला. प्रेक्षकांतून एक बाई नंतर मला म्हणाल्या, यंदाची वेशभूषा फार विचारपूर्वक केली होती. बारा जणींनी एकीसाठी दुपट्टे सोडून पुन्हा बांधले, त्या दहा मिनिटांत. मैत्रीबद्दल तुम्हाला याहून वेगळं काही सांगावं लागणार नाही.

नाचाचे शब्द किती घ्यायचे? पाच पुरेत. सम, खाली, तत्कार (म्हणजे पायांनी वाजवलेला ताल), तिहाई, चक्कर. आमद, परण, गतनिकास, ठाट यांची नावं कानावरून गेली तर जाऊ द्या, समजावू नका. पण हे पाच शब्द असे रुजवा की तिसरं प्रकरण संपेपर्यंत वाचक मूल गादीवर बसून तीनतालाची टाळी देऊ लागेल. समजावून सांगायचं काम गुरूला देऊ नका. एका मुलाला दुसऱ्या मुलाला समजावू द्या, तेही थोडं चुकीचं. मग तिसऱ्याने भांडून दुरुस्त करावं. वर्गात शिकणं असंच होतं.

आणि नाचाचं वर्णन करताना विशेषणं बाजूला ठेवा. ‘मोहक पदन्यास’, ‘विजेसारखी गिरकी’ असं लिहिलं की मुलं पान उलटतात. बोल लिहा, आकडे लिहा, पायाखालची फरशी लिहा. नमुना म्हणून, मघाची चुकलेली तिहाई मी अशी लिहीन:

“पाच, सहा, सातपर्यंत सगळं ठीक होतं. मग पडद्यामागे कोणीतरी शिंकलं आणि तिच्या डोक्यातला आठ उडून गेला. पाय निघाले. तिगदा दिगदिग थेई. तिगदा दिगदिग थेई. तिगदा दिगदिग थेई! हात वर. हनुवटी वर. शांतता. तबलेवाले काका तिच्याकडे बघत होते. ती काकांकडे बघत होती. ‘धा,’ तबला म्हणाला. तबल्याला उशीर झाला, तिला वाटलं. मग तिला आठवलं की तबल्याला कधी उशीर होत नाही.”

तिहाईचे दोन प्रकारही गोष्टीत छान वापरता येतील. दोन तुकड्यांच्या मधे श्वासाची जागा असते ती दमदार, नसते ती बेदम. मघाच्याच तुकड्यात मधे एक-एक मात्रा दम घेतला तर नवाच्या अकरा मात्रा होतात, मग सुरुवात नवव्यावर नाही, सातव्यावर करावी लागते. घाईघाईने सगळं करणाऱ्या मुलीला बेदम आवडते आणि भित्र्या मुलाला दमदार, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. या दोघांना एकत्र एक तिहाई करायला लावा.

आता नागपूर. तुम्ही इथल्या आहात, तरी आठवण करून देते. मे महिन्याचं शिबिर घ्या. पारा ४५च्या पुढे, म्हणून वर्ग सकाळी साडेसहाला. खिडकीतला कूलर, वाळ्याच्या पडद्याचा ओला वास, आणि कूलरची घरघर एवढी की मोबाइलवरचा लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, ऐकूच येत नाही. कूलर बंद केला तर घामाने पाय घसरतात, चालू ठेवला तर सम ऐकू येत नाही. मुलं याच्यावर मतदान घेतात. मग लाइट जाते आणि प्रश्नच मिटतो, आणि तीस मुलं नुसत्या टाळीवर तत्कार करतात. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मला सगळ्यात सुंदर वाटलेले तत्कार असेच लाइट गेलेल्या सकाळचे आहेत.

पावसाळ्यात पोळा येतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल सजवून पोरं घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, आणि त्याच दिवशी महाल-इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. “ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात हमखास आरोळी उठते, “चकरी घेऊन जा गे मारबत!” एका वर्षी एका मुलाने “ताईंचा ‘पुन्हा एकदा’ घेऊन जा गे मारबत!” म्हटलं आणि वर्ग लोटपोट झाला. हा प्रसंग तुम्हाला दिला, घ्या.

भाषेबद्दल मात्र माझं म्हणणं ठाम आहे. तुमची मुलं आपसात इथल्यासारखीच बोलू द्या. “काय करून राहिली बे?”, “मी नाही येत जा”, मधेच हिंदी, मधेच शाळेची इंग्रजी. माझ्याशी बोलताना तीच मुलं “हो ताई, करते ताई” म्हणतात, आणि घरी आजीशी बोलताना तिसरीच भाषा. हे तिन्ही पदर ठेवा. पण वऱ्हाडी बोली हसवण्यासाठी वापरू नका. मराठी नाटक-सिनेमांत आमची बोली इतकी वर्षं गड्याच्या आणि विदूषकाच्या तोंडी घातली गेली की नागपूरची मुलं पुण्यात गेली की आधी बोलणंच बदलतात. तुम्हीही बदललं असेल. तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात हळवं, सगळ्यात शहाणं वाक्य ‘माह्या’ आणि ‘तुह्या’मध्ये असू द्या. नायिकेची आजी तिला रात्री पाय चेपून देताना बोलेल ते.

घराच्या सरावाचं विसरू नका. फ्लॅटमध्ये तत्कार म्हणजे खालच्या मजल्याशी युद्ध. माझ्या एका विद्यार्थिनीच्या खाली एक निवृत्त गृहस्थ राहायचे. रोज संध्याकाळी सात वाजता ते छताला काठीने ठोकायचे. मुलगी रडवेली व्हायची, जाजम टाकायची, हळू नाचायची. मग एकदा तिला ताप आला आणि चार दिवस सराव बंद राहिला. पाचव्या दिवशी ते जिना चढून आले आणि विचारलं, “आवाज काऊन नाही?” पुढे ती मला सांगायची की काठी अजून वाजते, पण आता फक्त ती लय सोडून पळाली की वाजते. त्यांना तालातलं काही कळत नव्हतं. रोज ऐकून ऐकून कान तयार झाला होता.

टीव्हीवरच्या नाचाला आणि सिनेमाच्या गाण्यांना खलनायक करू नका. मुलं सुट्टीत तेच नाचतात, मीही बघते, चांगलं नाचतात.

राहिला घुंगरांचा प्रश्न. नायिका अकरा वर्षांची आहे, तीन वर्षं शिकते आहे असं धरते. तिच्या प्रत्येक पायात पन्नास असायला हवीत. तुम्ही डाव्या पायात एकोणपन्नास ठेवा. वर्गातल्या कोणीतरी मोजून ते उघडकीला आणावं. पन्नासावं कुठे गेलं, किंवा तिने ते कोणाला आणि कधी दिलं, हे फक्त तिला माहीत असू द्या, आणि शेवटच्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतून एकच घुंगरू वाजलेलं तिला ऐकू येऊ द्या.